घरून जेवून हॉटेलात

मुलांनो, तुमच्या आईने काल मला एक यादी पाठवली. डिसेंबरात तुम्ही इकडे याल तेव्हा आजोबांना घेऊन कुठे कुठे जेवायला जायचं, त्याची. अकरा नावं आहेत, प्रत्येकापुढे चांदण्या काढलेल्या, आणि शेवटी लिहिलंय, 'यातली तुला आवडतील ती कळव, मी इथूनच टेबल सांगून ठेवते.' म्हणजे पनवेलमधलं टेबल ती अटलांटिकच्या पलीकडून सांगून ठेवणार. त्या अकरांपैकी सहा ठिकाणी मी जाऊन बसून आले आहे, आणि आजोबांना तुम्ही त्यातल्या एकाही ठिकाणी नेऊ नये असं माझं मत आहे. फोनवर हे सांगायला गेले की तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसता. म्हणून लिहिते. तुम्हाला देवनागरी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. लागू दे.

आधी आजोबांचं सांगते, कारण त्यांच्या जेवणावरूनच हे सगळं झालं. गेल्या पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि अकरा दिवस दवाखान्यात काढावे लागले, एवढं तुम्हाला माहीत आहे. ताप गेला, खोकला गेला, पण त्यांच्याबरोबर भूकही गेली, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. 'आजोबा बरे आहेत' असं आम्ही दर रविवारी फोनवर सांगत होतो, ते खरं नव्हतं. अडुसष्ट किलोंचा माणूस एकोणसाठवर आला. पँट राहीना म्हणून पट्ट्याला दोन नवी भोकं मी दाभणाने पाडली. ताटावर बसायचे, दोन घास खायचे, तिसरा हातात घेऊन बराच वेळ त्याच्याकडे बघायचे आणि मग ताटात परत ठेवायचे. डॉक्टरांनी शेवटी स्पष्टच सांगितलं, आणखी तीन-चार किलो गेले तर नाकातून नळी घालून भरवावं लागेल, आणि या वयात नळी एकदा घातली की ती निघेलच असं नाही.

"काकू, पथ्याचं सगळं विसरा आता," ते म्हणाले. "बाहेर न्या त्यांना. वेगळं काहीतरी खाऊ द्या. चव बदलली की भूक परत येते कधीकधी."

मला हॉटेलाचं जेवण कधी आवडलं नाही. लग्नानंतरच्या पन्नास-बावन्न वर्षांत मी जे काही बाहेर जेवले असेन ते कोणाच्या तरी वाढदिवसाला, नाइलाजाने, आणि दुसऱ्या दिवशी लंघन करून. पण डॉक्टरांनी सांगितलं म्हटल्यावर मी ते नीट करायचं ठरवलं. गुरुवार ठरवला, कारण त्या दिवशी गर्दी कमी असते. वेळ ठरवली, दुपारची, कारण संध्याकाळी आजोबा लवकर थकतात. आणि एक नियम स्वतःसाठी केला. मी साडेअकराला घरीच माझा वरणभात जेवून घ्यायची, आणि पावणेबाराला आम्ही रिक्षात बसायचो. दोघांनीही बाहेरचं खाल्लं आणि दोघंही आडवे झालो तर लिंबूपाणी कोण कोणाला देणार? एकाने तरी उभं राहायला हवं. तेव्हा मला यात काहीच चुकीचं वाटलं नाही. उलट इतका साधा विचार इतरांना का सुचत नाही याचं आश्चर्य वाटायचं.

रिक्षावाला आमचा ठरलेला आहे, गव्हाणचा. पन्नाशीचा गृहस्थ. जमीन विमानतळासाठी गेली, आलेल्या पैशांत तीन मजली बंगला बांधला, दारात मोठी गाडी आहे, तिच्यावर मुलगा कापडाचं झाकण घालून ठेवतो. हा मात्र रिक्षाच चालवतो. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाला, "घरी बसून काय करू काकी? बंगल्यात बोलाला माणूस नाय."

पहिला गुरुवार महामार्गाला लागून असलेल्या एका शुद्ध शाकाहारी ठिकाणाचा. नावाच्या पाटीपेक्षा 'शुद्ध' हा शब्द मोठा. आत शिरताच अशी थंडी की आजोबांना मफलर बांधावा लागला. मेन्यू म्हणून जे हातात दिलं ते पूर्वीच्या टेलिफोनच्या डिरेक्टरीएवढं होतं. इतके पदार्थ एका स्वयंपाकघरात रोज कसे होतात, हा प्रश्न तिथे जेवायला येणाऱ्या कोणाला पडत नाही. मी पाच मिनिटांत ओळखलं. तिथे तीन पातेली असतात, एक तांबड्या रश्शाचं, एक पांढऱ्या, एक हिरव्या. बाकी सगळी नावं म्हणजे त्या तीन रंगांत पनीर बुडवण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा. वेटर सांगलीकडचा होता, हे त्याच्या मोबाइलवरच्या बोलण्यावरून कळलं, पण आमच्याशी हिंदी.

"सर के लिए क्या लाऊँ मॅडम?"

"सरांना मराठी समजतं," मी म्हटलं. "आणि त्यांच्यासाठी भाजीचं सूप, तिखट न घालता. मग एक फुलका, आणि ती जी काय पालकाची भाजी आहे ती कमी तेलाची."

"और आप?"

"मला काही नको."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नुसती बाकड्यावर बसायला आलेली प्रवासी आहे. सूप आलं. त्याला कॉर्नफ्लॉवरचा असा चिकट दाटपणा होता की पाकिटं बंद करता आली असती. मी चमच्याच्या टोकाने चाखून बघितलं आणि आजोबांना तसं सांगितलं. त्यांनी तीन चमचे घेतले. फुलका चतकोर. घरी येताना रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "कसा व्हता?" मी जे सांगायचं ते पनवेलच्या पुलापर्यंत सांगितलं.

तिथून त्याला सवयच लागली. दर गुरुवारी गेटपाशी रिक्षा लावून म्हणायचा, "काकी, आज कुठला हाटेल नापास करायचा हाय?"

खारघरचं एक ठिकाण तुमच्या आईच्या यादीत सर्वांत वर आहे, त्याच्याबद्दल मुद्दाम लिहिते. ओवे गावाच्या बाजूला जी नवी इमारत झाली आहे तिच्या चौथ्या मजल्यावर ते आहे. भर दुपारी आत मिट्ट अंधार. टेबलावर एक चौकोन चिकटवलेला, त्याचा फोनने फोटो काढायचा आणि मग फोनमध्ये मेन्यू वाचायचा. ज्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यांनी काय करायचं हे चौकोन सांगत नाही. मी छापील मेन्यू मागितला. "मॅडम, आम्ही पेपरलेस आहोत," तो मुलगा अभिमानाने म्हणाला, आणि टेबलावर बारा कागदी रुमाल ठेवून गेला.

मग पाणी.

"बाटलीचं की साधं?"

"साधं."

"साधं म्हणजे रेग्युलर का, मॅडम?"

"साधं म्हणजे नळाचं, गाळलेलं, पेल्यातलं."

तो मॅनेजरला विचारायला गेला. पाणी येईपर्यंत शेजारच्या टेबलावर एका काचेच्या घुमटाखाली कोंडलेला धूर आला. घुमट उचलला, धूर सगळीकडे पसरला, चार माणसांनी फोनवर त्याचं चित्रण केलं, आणि धुरातून शेवटी निघाले ते चार दहीवडे. आजोबांना खोकला लागला. न्यूमोनियातून उठलेल्या माणसाला धूर पाजायला मी चौथ्या मजल्यावर नेलं होतं. त्यांच्यासाठी मी मागवलेला मऊ भात एका काळ्या पाटीवर आला. पाटीला काठ नाहीत. वरण ओतलं तर ते मांडीवर येणार. मी चमच्या-चमच्याने भिजवत बसले आणि ते दोन-तीन घास घेऊन म्हणाले, "पुरे."

"का? आळणी आहे का?"

"नाही. पुरे."

त्या आठवड्यात वजन साडेअठ्ठावन्न भरलं.

तिसरं सांगण्यासारखं ठिकाण पनवेलच्याच अलीकडे, 'गावरान' म्हणवणारं. यादीत त्यालाही साडेचार चांदण्या आहेत. दारात बैलगाडीचं चाक, भिंतीवर सुपं, छपराला कंदील, त्यात विजेचे दिवे. वाढप्यांच्या डोक्यावर कोल्हापुरी फेटे आणि तोंडी "या पाव्हणं". कोकणाच्या उंबऱ्यावर कोल्हापूर कशाला, असं मी एकाला विचारलं. तो बिहारचा निघाला. बिचाऱ्याला फेटा फार घट्ट होत होता. तिथे नेऱ्याकडचं एक मोठं कुटुंब आलं होतं, अंगावर भरपूर सोनं, बरोबर एक थकलेली आजी. नातवंडं तिला चाकापाशी उभी करून फोटो काढत होती.

"आये, हास ना जरा."

"काय हासू?" म्हातारी म्हणाली. "आपली अशी दोन चाकां तुझे बापाने चुलीत घातली. आता पैसे देऊन बघाला आलो."

त्या दिवशी आजोबांच्या चेहऱ्यावर जरा हसू दिसलं, म्हणून मला आशा वाटली. भाकरी मागवली. ती ज्वारीची आली, कडा वाळलेल्या, कितीतरी आधी करून ठेवलेली. पिठलं होतं त्यात साखर. मी दोन्हींची चव घेतली, वाढप्याला बोलावून दोन्हींबद्दल सांगितलं, आणि मग आजोबांच्या ताटाकडे पाहिलं तर त्यांनी एक तुकडा मोडून ठेवला होता, तसाच. मी समोर बसले. म्हटलं, खा, मी बसलेय. ते खाली मान घालून तो तुकडा चावत राहिले. मला त्या वेळी सगळा राग त्या पिठल्याचा आला.

आणखी तीन ठिकाणं झाली. ती वर्णन करण्याच्याही लायकीची नाहीत. मग एका गुरुवारी मी रिक्षात बसून पत्ता सांगितला तर रिक्षावाल्याने रिक्षा उलट्या दिशेला वळवली.

"इकडे कुठे?"

"माझे चुलत बहिनीकडे. नेऱ्याला. तुमचे सगले हाटेल संपले काकी. आता एक माझा बघा."

मी नको म्हणणार होते. आजोबा म्हणाले, "जाऊ दे ना." बऱ्याच दिवसांनी त्यांनी स्वतःहून काही म्हटलं होतं, म्हणून मी रिक्षा जाऊ दिली.

तुम्ही मनात रम्य काही उभं करू नका. फार्महाऊसं सुरू होतात तिथे एका बंगल्याच्या मागे पत्र्याची शेड. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यातल्या एकीचा पाय तारेने बांधलेला. फिनेलचा वास. भिंतीवर टीव्ही, त्यावर कुठल्याशा मालिकेत दोन सुना एकमेकींवर ओरडत होत्या, आणि कोणी बघत नसतानाही आवाज पूर्ण वर. जेवायला गवंडी, ट्रकवाले, फार्महाऊसांचे माळी. मेन्यू नाही. जे शिजलं आहे ते मिळतं. बाई साठीच्या, अंगात मॅक्सी, खांद्यावर टॉवेल, हात कोपरापर्यंत पिठाचे. त्यांनी आजोबांकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काही न विचारता दोन ताटं आणून आपटली. एक त्यांच्यापुढे, एक माझ्यापुढे.

"मला नको," मी म्हटलं. "मी घरून जेवून आलेय."

बाई थांबल्या. "घरून जेवून खानावळीत?"

"त्यांना सोबत म्हणून येते."

"सोबत करायची तर संगं खायचा, वयनी. समोर बसून तोंडाकडे बघायचा, त्याला सोबत नाय बोलत. त्याला पहारा बोलतात."

शेजारच्या टेबलावरचे गवंडी हसले. मी इंग्रजी शाळेत शिकले, विमा कंपनीच्या कचेरीत तीस वर्षं माणसांना शिस्तीने बोलायला लावलं, आणि मॅक्सीवर टॉवेल टाकलेली एक अनोळखी बाई मला चारचौघांत असं बोलत होती. तेवढ्यात समोरून एक आवाज आला. आजोबा हसत होते. खांदे हलत होते, खोकला येईल असं वाटलं, पण आला नाही.

"माझ्या शेडीत कोन रिकामा बसत नाय," बाई माझ्या ताटात भाकरी टाकत म्हणाल्या. "जेवनाऱ्याला घास जात नाय मग. ह्या बाबांचा काय झालाय ते दिसते ना." आणि गेल्या.

तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, भात, कांदा. बिरड्यात तेल जास्त होतं. काही वालांची सालं तशीच राहिली होती, असे अर्धवट सोललेले वाल मी कोणाला वाढले नसते. खोबरं जाडंभरडं. पण ताट पुढे आलं होतं आणि चार माणसं बघत होती, म्हणून मी एक तुकडा मोडला. आजोबांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि एक मोडला. मी खाल्ला, त्यांनी खाल्ला. मी पाण्याचा घोट घेतला तर ते थांबले. मला ते दिसलं, मुलांनो. दोन महिने मी त्यांच्या घासावर नजर ठेवून होते आणि ते माझ्या घासाची वाट बघत होते, हे त्या प्लॅस्टिकच्या टेबलावर मला पहिल्यांदा दिसलं. अर्धी भाकरी संपल्यावर पोटात जागा नव्हती. घरचा वरणभात तिथे आधीच होता. मी हात आखडला.

"तू आणखी घेणार असशील तर मी घेतो," आजोबा म्हणाले.

मी घेतली. त्या दुपारी त्यांनी सव्वा भाकरी आणि वर भात खाल्ला. मी जवळपास तेवढंच, आणि संध्याकाळपर्यंत मला करपट ढेकर येत होते.

परतताना रिक्षात मी विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं?" ते बाहेर बघत म्हणाले. "दवाखान्यात तू खुर्ची ओढून समोर बसायचीस. ट्रे माझ्यापुढे, तुझ्यापुढे काही नाही. तेव्हापासून घास तोंडात फिरत राहतो. गिळताच येत नाही."

"पण पूर्वी तर रोज तुम्ही आधी जेवायचात. मी मागून."

"पूर्वी तू स्वयंपाकघरात असायचीस. आता परीक्षकासारखी समोर असतेस."

"तोंड होतं ना तुम्हाला. बोलायचं."

"प्रत्येक ठिकाणी मला काय पाहिजे ते तूच सांगत होतीस. मला वाटलं, हेही तुला माहीत असेल."

हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. पुढून रिक्षावाल्याने विचारलं, "काकी, हा हाटेल पास ना?"

"नाही," मी म्हटलं. "टीव्हीचा आवाज फार आहे."

आपल्याकडे पुरुष आधी आणि बायका मागून, ही पद्धत माझ्या आईकडून माझ्याकडे आली. मी शिकलेली असूनही ती कधी मोडली नाही, कारण तव्यावरची पोळी गरम वाढायची तर कोणीतरी तव्यापाशी असायलाच हवं. मला ती पद्धत व्यवस्थेची वाटायची. दुसऱ्या दिवशी मी पोळ्या आधी करून डब्यात ठेवल्या आणि साडेबाराला दोन ताटं मांडली. पोळ्या गार होत्या. इतक्या वर्षांत आम्ही दोघं, फक्त दोघंच, एकाच वेळी क्वचितच जेवलो होतो. आजोबांनी दीड पोळी खाल्ली आणि "मेथीला मीठ कमी आहे" म्हणाले. मीही तीच मेथी खात होते. मीठ खरंच कमी होतं. तेवढ्याने नळीचा विचार माझ्या मनातून गेला असं नाही, पण तो जरा मागे सरकला.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. अजूनही काही दिवशी ते दोन घासांवर उठतात, आणि काही दिवशी मी त्यांच्या ताटाकडे बघायला लागते, मग त्यांनी भुवई वर केली की माझ्या ताटाकडे बघते. पण वजन चढतं आहे.

तेव्हा तुमच्या आईला सांगा, टेबल सांगून ठेवू नकोस. धूर, फेटे आणि काठ नसलेल्या पाट्या तुम्ही तिकडे हव्या तेवढ्या बघा. आणि आजोबांबरोबर जेवायला बसाल तेव्हा फोन बघत बसू नका, 'आजोबा खा ना' असं दहादा म्हणू नका, आणि मला भूक नाही असं तर मुळीच सांगू नका. आपलं ताट घ्या आणि जेवा.

नेऱ्याच्या शेडशेजारच्या जागेवर गेल्या महिन्यात बिल्डरचा फलक लागला आहे, त्यामुळे तुम्ही येईपर्यंत तिचं काय होईल ते मी सांगू शकत नाही. आज शेड आहे. बाई आहेत, बिरड्यात तेल अजून जास्तच असतं. आजोबा बासष्ट किलोंचे आहेत. आणि रोज दुपारी साडेबाराला आम्ही दोघं एकाच वेळी जेवतो.